अन्नाचा वास घेणारी सून

तंबाखूचा वास आधी नाकाला कळत नाही, घशाला कळतो. बेळगावहून निघालेली बस तवंदीचा घाट उतरू लागली की खिडकीतून येणारी हवा एकाएकी जड होई, जणू कुणी तिच्यात गूळ विरघळवून वर मिरचीची पूड भुरभुरली आहे. मग बसमधल्या परक्या माणसांना एकामागून एक शिंका सुरू होत. निपाणीकर निश्चल बसलेले असत. शिंकणाऱ्याकडे एकदा पाहत आणि पुन्हा बाहेर पाहू लागत. गावाची वेस म्हणजे ती शिंक. आतला कोण आणि बाहेरचा कोण, हे तिथे नाकावरून ठरे.

मी शिंकणाऱ्यांपैकी होते. बेळगावच्या कॅम्पात एक धर्मादाय रुग्णालय होते. त्याच्या मानसोपचार विभागात मी समुपदेशक म्हणून, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘डॉक्टरांच्या हाताखालच्या बाई’ म्हणून, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात लागले आणि ऐंशीचे दशक सरेपर्यंत राहिले. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, निपाणीत एका बंद पडलेल्या वाचनालयाच्या खोलीत आमचे केंद्र भरे. खोलीची मागची भिंत तंबाखूच्या वखारीला लागून होती. भिंतीपलीकडे बायका पाला झोडपत, त्याचा दबका, लयबद्ध आवाज दिवसभर येत राही, आणि कपाटातल्या रिकाम्या फळ्यांवर तपकिरी धूळ हलकेच येऊन बसे. अशा खोलीत माणसांनी आपले अंतरंग उघडावे अशी आमची अपेक्षा होती.

माझे पहिले शिक्षण कवितेचे. मराठी घेऊन एम.ए. झाले आणि मग मानसशास्त्राकडे वळले. घरच्यांना ही उडी अनाकलनीय वाटली. मला ती उडी वाटलीच नाही. कवितेने मला एक गोष्ट पक्की शिकवली होती: शब्द जे म्हणतो तेवढ्यावर थांबू नये. चंद्र म्हटला की आधी विचारावे, हा चंद्र कुणाच्या वतीने उगवला आहे. आमच्या डॉक्टरसाहेबांना माझी ही खोड फार आवडली.

डॉक्टरसाहेब धारवाडकडचे. घरी कन्नड, रुग्णांशी जी लागेल ती भाषा, आणि माझ्याशी नेमके, इस्त्री केलेले मराठी. परदेशात शिकून आलेले असल्यामुळे मनोविश्लेषणाच्या व्हिएन्ना-परंपरेवर त्यांची श्रद्धा होती. ती परंपरा मी बाहेरच्यांना निपाणीच्याच दाखल्याने समजावून सांगत असे. माणसाचे मन हे तंबाखूच्या पेढीसारखे. रस्त्यावरून दिसते ते पुढचे दुकान. तिथे गादी, तक्क्या, हसरा मालक. खरा माल मागच्या वखारीत, अंधारात, दाबून बांधलेला. आपल्याला न सोसणाऱ्या इच्छा, लहानपणीची भये, जवळच्या माणसांविषयीचा राग, हे सारे आपण वखारीत ढकलतो आणि कुलूप लावल्याचेही विसरतो. पण वास कुलपाला जुमानत नाही. तो स्वप्नातून येतो, बोलण्यातल्या चुकीतून येतो, कधी दुखण्याचे रूप घेऊन येतो. ज्या भावनेची लाज वाटते ती आपण दुसऱ्याच्या अंगावर टाकतो आणि मग त्या दुसऱ्यालाच भिऊ लागतो.

“बाई,” डॉक्टरसाहेब म्हणत, “रुग्ण जे सांगतो तो पडदा. तुमचे काम पडद्याला दाद देण्याचे नाही.”

थोडक्यात, संशय हा आमचा धंदा होता. अडचण एवढीच, की ज्या मुलखात आम्ही तो मांडला होता तिथे संशय आधीच मुबलक पिकत होता.

स्वप्नांचेच पाहा. स्वप्न विचारणे ही आमची रोजची रीत. पण सीमाभागात दारावर येऊन प्रश्न विचारणारे माणूस म्हणजे मोजणीचे माणूस. आणि मोजणी म्हणजे भाषेची मोजणी. पाठ धरली म्हणून आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी सरळपणे विचारले, “आजोबा, स्वप्ने पडतात का? स्वप्नात कोण बोलते, काय बोलते?” त्याने पटका सारखा केला, दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाला, “म्याडम, सपनात आमी बोलतच न्हाय. नुसतं बगतो.” पुढच्या आठवड्यात त्याचा पुतण्या आला. काकांचे स्वप्न मराठीत धरले की कन्नडात, आणि ते बेंगळूरला कळवले का, एवढेच त्याला विचारायचे होते. मी हसले. ते मात्र चुकले. त्या हसण्याचाही त्याने काहीतरी अर्थ लावून नेला असणार.

शाईच्या डागांची तीच गत. डाग पाहून माणसाला काय दिसते त्यावरून त्याच्या मनाचा कल जोखायचा, अशी ती चाचणी. पुस्तकात लिहिलेले, की लोकांना वटवाघूळ दिसते, फुलपाखरू दिसते. निपाणीत सर्वांना तंबाखूचे पान दिसे. एक बाई तर कार्ड हातात घेऊन, बोटाने चोळून, म्हणाली, “ह्यो पाला भिजलाय. ह्याला भाव न्हाय यायचा.” डॉक्टरसाहेबांनी त्या उत्तरावर बराच वेळ विचार केला. मला वाटते, तिने डागाकडे फक्त डाग म्हणून पाहिले होते.

कडोलीच्या साहित्य संमेलनात मी एकदा कविता वाचायला गेले. सूत्रसंचालकाने ‘माणसाचे मन ओळखणाऱ्या कवयित्री’ अशी माझी ओळख करून दिली. जेवणाच्या पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंची पाने रिकामी राहिली.

अशा दिवसांत मंजुळा आली. आली म्हणण्यापेक्षा आणली गेली. पुढे सासू गंगाक्का, मागे थोरले दीर तात्या, मध्ये मंजुळा, आणि सर्वांत शेवटी, चपला बाहेर काढायच्या की आत याचा निर्णय न झालेला, तिचा नवरा मारुती. वखारीचे मालक नव्हे, पण वखारीला लागूनच राहणारे, पाल्याची खरेदी-विक्री करणारे बरे घर. मंजुळा कणकुंबीकडची, जंगलातल्या गावची मुलगी. लग्नाला तीन वर्षे झालेली, मूल नव्हते.

“हिला काय होतंय?” मी विचारले.

“हिला काय हुतंय ते आमालाच हुतंय,” गंगाक्का म्हणाल्या. “ताट वाढलं की आदी वास घेती. भाकरीचा घेती, आमटीचा घेती. पाण्याचा तांब्या नाकाला लावती. अंथरुणाचा घेती. कुत्र्यावानी हुंगत बसती, म्याडम, आनि मग ताट तसंच ठेवून उठती. का गं? आमी काय इख घालतोय तुज्या अन्नात?”

मंजुळाची नजर माझ्या टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यावर होती.

तात्यांनी घसा खाकरला. ते वकिलाकडे जाऊन आले होते हे त्यांच्या शब्दांवरून कळले; वाक्ये त्यांची नव्हती. “मनाचा भ्रम आहे असा दाखला मिळाला, म्हणजे कोर्टातनं मोकळं हुता येतं. तिचंबी भलं, आमचंबी. मारुतीचं वय काय झालंय अजून?”

म्हणजे प्रश्न उपचारांचा नव्हता. डॉक्टरसाहेबांची एक सही, आणि या मुलीच्या कपाळी जन्मभराचे वेड. मी मारुतीकडे पाहिले. तो छताकडे पाहत होता.

डॉक्टरसाहेबांनी तिला तपासले. दिवस कोणता, गाव कोणते, बाजार कोणता, सर्व तिने सांगितले. नवऱ्याचे नाव विचारले तेव्हा मान खाली घालून गप्प बसली, आणि डॉक्टरसाहेबांची लेखणी कागदाकडे निघाली. “साहेब,” मी म्हटले, “इथल्या बायका नाव घेत नाहीत. यात भ्रम नाही, संसार आहे.” लेखणी थांबली.

“लक्षात घ्या,” नंतर ते मला म्हणाले, “अन्नावर संशय म्हणजे अन्न देणाऱ्यावर संशय. आईचे दूध, सासूची भाकरी, ही साखळी शोधा. किंवा उलट असेल. हिलाच कुणाला विष घालावेसे वाटत असेल. ते सहन होत नाही, म्हणून ते दुसऱ्याच्या हाती दिसते. दाखल्याची घाई नाही. तिची वखार उघडा.”

दर आठवड्याला ती येऊ लागली. गंगाक्का बाहेरच्या पायरीवर बसत, दाराला कान लावून. मी दार लावले की त्या खोकत. आत मी किल्ल्या लावत राहिले. लहानपण विचारले, आई विचारली, स्वप्ने विचारली. मंजुळा सर्वांना एकच उत्तर देई: “बरं हाय.” माझ्याकडे पाहण्याची तिची तऱ्हा मला अजून आठवते, बाजारात मापात मारणाऱ्या व्यापाऱ्याकडे गिऱ्हाईक पाहते तशी. तिला वाटे, मी सासरची. मला वाटे, ही काहीतरी लपवते. डॉक्टरसाहेबांना वाटे, आम्ही दोघी मिळून त्यांच्यापासून काहीतरी लपवतो. आणि दाराबाहेर गंगाक्का.

एकदा बस सुटायच्या वेळी मारुती थांब्यावर भेटला. इकडे तिकडे पाहून म्हणाला, “म्याडम, ती येडी न्हाय.”

“मग हे घरात का सांगत नाही?”

“घरात माजं कोन ऐकतंय?” आणि बस दिसताच तो गर्दीत असा विरघळला, जणू आमची ओळखच नव्हती. त्याच्यावरही मी विश्वास ठेवला नाही. बायको वेडी नाही असे सांगणारा नवरा, पडद्यामागे काय सांगत असतो?

त्याच सुमारास माझ्या हाती एक पातळ इंग्रजी पुस्तक आले. घाटातल्या हेलकाव्यांत मी ते वाचत असे. अमेरिकेत काही मानसतज्ज्ञ व्हिएन्नाच्या वाटेवरून बाजूला झाले होते. त्यांचे म्हणणे असे, की माणूस म्हणजे केवळ कुलूपबंद वखार नव्हे. तो बीजासारखा आहे. वाढणे ही त्याची मूळ ओढ. पण लहानपणापासून त्याला माया मिळते ती अटींवर. शहाणा असशील तर, ऐकशील तर, मूल झाले तर. मग तो अटी पाळणारा एक माणूस तयार करतो आणि खरा माणूस त्याच्याआड कोमेजतो. त्याला हवे असते एकच: अट न घालता ऐकणारे कुणीतरी. ऐकणाऱ्याने अर्थ लावू नये. त्याच्या जागी बसावे, त्याच्या खिडकीतून पाहावे, आणि मनात एक आणि ओठांवर दुसरे असे स्वतःही असू नये.

मला हे सारे संशयास्पद वाटले. इतके साधे कसे असेल? कवितेतही मला सरळ ओळी आवडत नसत. डॉक्टरसाहेबांना सांगितले तर ते हसले. “हे तत्त्वज्ञान जिथे घरांना कुंपणे नसतात तिथले आहे, बाई. इथे तुम्ही स्वीकार करत बसाल आणि तात्या दाखला घेऊन जातील.”

तरी एका आठवड्यात मी किल्ल्या खाली ठेवल्या. काही विचारायचे नाही असे ठरवून मी चहाचे आधण ठेवले. कोपऱ्यात माझा स्पिरिटचा लहान स्टोव्ह असे. मंजुळा स्टोव्हशेजारच्या बाकावर बसली होती. पलीकडे पाला झोडपण्याचा आवाज चालू होता. मी खिडकीशी उभी राहून बाजाराकडे पाहत होते. पाठीमागून करपल्याचा वास आला. कापूस जळतो तसा, कडवट, डोळ्यांत शिरणारा. वळून पाहते तो भांडे उतरवायचे फडके ज्योतीला लागून धुमसत होते. मंजुळाच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. तिची पाठ स्टोव्हकडे, चेहरा माझ्याकडे, आणि त्या चेहऱ्यावर काही नाही. दाराबाहेरच्या गंगाक्कांना वास लागला होता, त्या ओरडल्या, “काय जळतंय गं आत?” पण पेला हुंगणारी, अंथरूण हुंगणारी ही मुलगी धुराच्या कुशीत शांत बसली होती.

मी फडके पाण्यात टाकले. भिजल्यावर ते फुसकारले तेव्हा ती दचकली आणि मागे वळली. मग तिने माझ्याकडे पाहिले. मी पाहिले आहे, हे तिने पाहिले.

माझ्या जिभेवर अनेक वाक्ये आली, डॉक्टरसाहेबांची, पुस्तकातली. मी एकही उच्चारले नाही. तिच्या बाकावर, तिच्या शेजारी, जाऊन बसले. दोघींच्या समोर तीच रिकामी कपाटे, तीच तपकिरी धूळ. मग ती बोलली, पलीकडच्या झोडपण्याखाली दबेल इतक्या हलक्या आवाजात, आणि माझ्याशी नव्हे, कपाटाशी.

“आमच्याकडं पावसात अळंबी येत्यात. कुठली खायची, कुठली न्हाय, ते आमचा आज्जा वासावर सांगायचा. मलाबी यायचं. मध कुठल्या फुलाचा ते मी हुंगून सांगायचे.” ती थांबली. “हितं आल्यावर आदी शिंका लई यायच्या. मग शिंका गेल्या. मला वाटलं, बरं झालं, आता हितली झाले. मग येक दिस दूध उतू जाऊन करपलं, मी चुलीम्होरंच हुते. सासूबाई तिकडनं वराडत आल्या. मला कायबी आलं न्हवतं. कशाचाच वास येत न्हाय, म्याडम. कशाचाच.”

“म्हणून हुंगत होतीस?”

“येतोय का बगत हुते. रोज वाटायचं, आज यील. भाकरीचा यील. त्येंच्या… अंथरुणाचा तरी यील.” तिने पदराने नाक पुसले, जणू दोष त्याचाच होता. “वासच न्हाय तर घास घशाखाली उतरत न्हाय. माती खाल्ल्यागत.”

“अगं, मग सांगितले का नाहीस कुणाला?”

आता तिने प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिले. त्या नजरेत माझ्या अडाणीपणाची कीव होती. “नाक गेलं म्हटल्यावर काय म्हनतील? म्हारोग म्हनतील. आमच्या गावात येक बाई हुती, तिचं नाक बसलं. तिला गावाभायेर झोपडी घालून दिली. येड्या बाईला निदान म्हायेरचे तरी घरात ठेवत्यात.”

आम्ही सारे तिच्यावर एवढा संशय घेत होतो, आणि ती मात्र दोन शापांतून हलका निवडून त्याच्याआड मुकाट बसली होती. वखारीत काहीच दडवलेले नव्हते. जे होते ते ती दिवसातून अनेकदा, सर्वांच्या देखत, नाकाशी धरून पाहत होती. आम्ही विचारले होते, तू वास का घेतेस? तुला वास येतो का, हे कुणी विचारले नव्हते.

तिच्याच अटीवर, खरे कारण आधी कुणाला न सांगता, दाखल्याच्या तपासणीसाठी म्हणून तिला बेळगावला नेले आणि तिची त्वचा तपासून घेतली. महारोगाची खूण कुठेही नव्हती. बेळगावच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सांगितले, की धुळीने आतले अस्तर सुजून नाक बंद झाले आहे. औषध घ्यावे, तंबाखूपासून दूर राहावे. वास परत येईल किंवा येणारही नाही.

डॉक्टरसाहेबांनी सर्व ऐकून घेतले. “धूळ खरीच,” ते म्हणाले. “पण त्याच धुळीत ते सारे घर राहते आहे. नाक बंद झाले ते हिचेच का, हा प्रश्न उरतोच. काही घरांना माणूस नाकानेच नकार देतो.” मला चीड आली. आज वाटते, ते अगदीच चुकले असे म्हणण्याइतके मला तरी काय माहीत आहे?

दाखला मात्र त्यांनी स्वच्छ लिहिला: मन निरोगी. तात्यांनी तो दोनदा वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला. “म्हायेरच्यांनी गाठलेलं दिसतंय तुमाला,” एवढेच म्हणाले.

मंजुळाच्या संमतीने मी गंगाक्कांना नाकाचे सांगितले. तपासणीचा कागद समोर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, “म्हंजे माज्या आमटीला नावं ठेवत न्हवती?”

“नाही.”

“आदी सांगायला काय झालं हुतं हिला!” डोळे भरून आले होते असे मला वाटले, पण लगेच त्यांनी पदर खोचला. “जाऊ दे म्हायेराला. नाक आलं की आनू. न्हाय आलं तर मग बगू.”

नाक आले की सून. पुस्तकातली ती अटींवरची माया मला इतक्या स्वच्छ मराठीत कुणी समजावून सांगितली नव्हती. आणि सर्व जण इतक्या सहज राजी झालेले पाहून मला वाटले, आता हिला परत कुणी आणणार नाही. कोर्टाचा खर्च वाचला, एवढेच.

काही महिने गेले. पाऊस संपून गेला होता. मारुती केंद्रावर आला. या वेळी चपला बाहेर काढून सरळ आत. “तिचा निरोप आलाय, वास यायला लागलाय म्हनून. आईचा इस्वास बसत न्हाय. आई म्हनती, म्याडमनी सोता बगून सांगावं, मंग आनू.” मग आपल्या हाताच्या तळव्यांकडे पाहत म्हणाला, “माज्यापुरतं म्हनाल तर, नाक येवो न येवो, मी आननार हाय.” मला वाटले, हे तो मला सांगतो आहे की स्वतःला?

डॉक्टरसाहेबांनी मला रिकाम्या हाताने जाऊ दिले नाही. “परत यायचे असेल तर ती हो म्हणणारच. यायचे नसेल तर नाही म्हणेल. तिच्या शब्दाला इथे पुराव्याची किंमत नाही.” त्यांनी दोन पुरचुंड्या बांधून दिल्या, एकीत कापूर, दुसरीत नुसता कापूस. डोळे मिटायला लावायचे, एकेक नाकाशी धरायची, आणि उत्तर लिहून आणायचे. मी त्या पिशवीच्या तळाशी, शालीखाली ठेवल्या.

कणकुंबीला उतरले तेव्हा सकाळचे धुके अजून झाडांच्या कमरेला होते. ओल्या सालींचा, कुजणाऱ्या पानांचा, कुठल्याशा चुलीतल्या हिरव्या लाकडाच्या धुराचा वास. आणि त्या सर्वांखाली थंड दगडासारखा पाण्याचा वास. इथे वाढलेल्या नाकाला निपाणीत काय झाले असेल, हे मला कुठल्याही ग्रंथाने सांगितले नव्हते ते त्या एका श्वासाने सांगितले.

मंजुळा अंगणात होती. भरली होती थोडी. मला पाहून हसली आणि लगेच हसू आवरून तिने माझ्यामागे पाहिले. आणखी कोण आले आहे ते.

“एकटीच आले आहे,” मी म्हटले.

“बगायला आलाय?”

“भेटायला.” हे अर्धेच खरे होते, आणि तिला ते कळले.

तिने नाचणीची भाकरी आणि मधाची वाटी पुढे ठेवली. स्वतःही माझ्यासमोर जेवली, न हुंगता, सावकाश. मी तिचा प्रत्येक घास पाहत होते. चव लागते म्हणून खाते, की मी पाहते म्हणून? शेवटी मी विचारले, “वास येतो का गं आता?”

“येतोय की.” फार चटकन. खाली मान घालून.

माझा हात पिशवीकडे गेला आणि तिथेच थांबला. तिचे डोळे मिटायला लावायचे, परीक्षेला बसवायचे, आजवर सर्वांनी तिच्या बाबतीत तेच केले होते. आणि न करावे, तर गंगाक्कांना काय सांगायचे? तिच्या शब्दावर माझा शब्द ठेवायचा, आणि तो खोटा ठरला तर पुन्हा करपलेले दूध, पुन्हा वकील, पुन्हा ती पायरी. व्हिएन्ना आणि अमेरिका माझ्या दोन्ही कानांशी बोलत होत्या, आणि बसची वेळ होत आली होती.

मी ठरवले. पिशवी उघडणार नव्हते. ती म्हणते, येतो, तर येतो. हे मला पटले होते असे मी म्हणणार नाही. न पटताच मी ते ठरवले.

उठले. “गंगाक्कांना सांगते, मारुतीला पाठवा म्हणून,” मी म्हटले. ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला दंडाला धरून उभी केली आणि शाल घेण्यासाठी पिशवी तिच्या-माझ्यामध्ये टेकवली. शाल ओढून बाहेर काढली, तशी ती एकदम थांबली. तिच्या नाकपुड्या हलल्या. एकदा. पुन्हा एकदा. तिने पिशवीकडे पाहिले, मग माझ्याकडे. आणि जे माझ्या चेहऱ्यावर असेल ते सारे वाचून, आधी डोळ्यांत आणि मग ओठांवर हसू येत, ती म्हणाली,

“कापूर.”